मावशीचे कात्रण आणि माझी चाळिशी

मावशीच्या कपाटात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. घराचे कागद, काकांचे पेन्शनचे पुस्तक आणि दोन-चार जुनी पत्रे अशा ऐवजात एका वर्तमानपत्राचे कात्रणही जपून ठेवलेले आहे. ते जुलै २००२चे. कागद पिवळा पडला आहे, घडीवर विरला आहे. पण त्यातल्या एका ओळीखाली ओढलेली लाल पेन्सिलीची रेघ अजून ठळक आहे. संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी वाढले, अशा अर्थाची ती ओळ आहे.

मावशी तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. पाळी गेल्यानंतर अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्ररात्र जागरण, घामाने भिजलेली उशी, यांनी ती हैराण झाली होती. १९९८ साली डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या आणि ती पुन्हा माणसांत आली. मग जुलै २००२मध्ये तिच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला, "आई, त्या गोळ्या आजच्या आज बंद कर." दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रातही बातमी आली. मावशीने गोळ्यांचे पाकीट केराच्या डब्यात टाकले आणि पुढची तीन वर्षे उशाशी हातपंखा घेऊन काढली.

गेल्या वर्षी, नोव्हेंबर २०२५मध्ये, पुन्हा अमेरिकेहून फोन आला. या वेळी मला. मावशीच्या त्याच मुलाची बायको, माझी वहिनी, सांगत होती, "अगं, इथल्या सरकारने तो इशारा काढून टाकला. आता सगळ्या जणी घेतायत. तू कसली वाट बघतेस?"

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. नोकरी बँकेत. तेवीस वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन फोनांमधून वाट काढत मला स्वतःपुरता एक निर्णय घ्यायचा होता. तो मी कसा घेतला हे सांगावे म्हणून हा लेख. माझाच निर्णय प्रत्येकीने घ्यावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. निर्णय घेण्यापूर्वी कोणते हिशेब मांडायला हवेत, आणि ते आपल्याला कोणी मांडून का दाखवत नाही, हा खरा मुद्दा आहे.

कालनिर्णयावरचे गोल

माझी गोष्ट दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. पाळी जायला अजून अवकाश होता. ती दर महिन्याला येतच होती. पण अठ्ठावीस दिवसांनी येणारी पाळी कधी एकवीस दिवसांत यायची, कधी पस्तीस. झोप रात्री तीनला मोडायची ती मोडायचीच. काउंटरवर रोज येणाऱ्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवेनासे झाले. ज्या बेरजा मी तोंडी करत असे, त्यांना यंत्र लागू लागले. मुलगा बारावीला, सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. त्यामुळे 'ताण असेल' हे उत्तर घरात सगळ्यांनाच पटले. मलाही पटले. पण शाखेच्या वातानुकूलित खोलीत, भर बैठकीत, मानेवरून कानापर्यंत एक गरम लाट चढली आणि ब्लाउज पाठीला चिकटला, तेव्हा मला मावशीचा हातपंखा आठवला.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला, "ही वेळच तशी असते. सगळ्याच बायका यातून जातात." सोबत कॅल्शियम आणि झोपेची गोळी. दुसऱ्यांनी सोनोग्राफीत एक छोटी गाठ पाहून सुचवले, "मुले झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकटच नको." तिसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मी जवळजवळ नाइलाजाने गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही पाळीच्या तारखा लिहून ठेवता का?"

आपल्याकडच्या कितीतरी बायकांसारखी मीही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तारखेभोवती गोल करते. दोन वर्षांची कॅलेंडरे घेऊन मी पुन्हा गेले. बाईंनी दोन गोलांमधले दिवस मोजले आणि म्हणाल्या, "हेच तुमचे निदान."

त्यांनी जे समजावले ते असे. ओळीने बारा महिने पाळी आली नाही की मग रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. पण ती एका रात्रीत होत नाही. तिच्याआधी काही वर्षांचा संक्रमणकाळ असतो, ज्याला डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात. लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की त्याचा आरंभीचा टप्पा सुरू झाला. साठ दिवसांहून अधिक काळ पाळी चुकू लागली की उत्तरार्ध. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक एका सरळ रेषेत उतरत नाही. ते कधी एकदम चढते, कधी कोसळते. म्हणूनच पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईत केवळ एका रक्ततपासणीवरून हे निदान होत नाही. आज एक आकडा येईल, पुढच्या आठवड्यात दुसरा. तारखा आणि तक्रारी नीट ऐकणे हीच मुख्य तपासणी. अर्थात थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर हे पाहायचेच, कारण थकवा आणि धडधड यांची कारणे तिथेही असू शकतात. आणि रक्तस्राव फार वाढला, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर होऊ लागला, तर 'पाळी जायची वेळ' म्हणून सोडून द्यायचा नाही. त्याचा छडा लावायचाच.

भारतीय बाईची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बाईची ५१च्या सुमारास. म्हणजे हा संक्रमणकाळ आपल्याकडे चाळिशी लागतालागताच दारात उभा राहतो. चाळिशी लागली की आपण डोळे तपासून चष्मा आणतो आणि त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो. शरीरातल्या या दुसऱ्या बदलासाठी मात्र घरात शब्दसुद्धा नाही. आईने मला पाळी आल्यावर काय करायचे ते सांगितले. जाताना काय होते ते तिने सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

मुद्दल किती ते सांगा

बाईंनी हार्मोन थेरपीचा पर्याय समोर ठेवला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'कॅन्सर'. मावशीच्या पेटीतले कात्रण माझ्याही डोक्यात तितकेच जपून ठेवलेले होते.

त्या कात्रणामागे काय होते? अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा एक प्रचंड अभ्यास १९९०च्या दशकात सुरू झाला. त्याच्या या भागात १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्र गोळी दिली, निम्म्यांना नुसती पिठाची. सरासरी पाच वर्षांच्या थोडे पुढे गेल्यावर, जुलै २००२मध्ये, धोका फायद्यापेक्षा जास्त दिसतो म्हणून तो भाग मध्येच थांबवला गेला.

मी बँकेतली. कोणी मला 'सव्वीस टक्के' म्हणाले की मी आधी विचारते, कशावर? व्याजाचा दर सांगायचा आणि मुद्दल सांगायचे नाही, असा व्यवहार आमच्याकडे चालत नाही. वर्तमानपत्रांनी २००२ साली नेमके तेच केले. दर सांगितला, मुद्दल सांगितले नाही. मुद्दल असे होते : पिठाची गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, औषध घेणाऱ्या दहा हजारांमध्ये ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत वर्षाला आठ अधिक. पक्षाघातही आठ अधिक, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रसंग आठ अधिक, हृदयविकाराचे सात अधिक. आणि दुसऱ्या रकान्यात : मांडीच्या खुब्याची मोडलेली हाडे पाच कमी, आतड्याचे कर्करोग सहा कमी.

आठ ही संख्या शून्य नाही. ज्या घरात ती येते त्या घराला ती शंभर टक्के असते, हे मला कळते. पण आठ आणि सव्वीस टक्के या दोन आकड्यांनी मनात उभी राहणारी चित्रे किती वेगळी आहेत, हे प्रत्येकीने स्वतःशीच ताडून पाहावे.

दुसरा प्रश्न मुद्दलापेक्षाही महत्त्वाचा. हे खाते कोणाचे होते? या अभ्यासातल्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या. सरासरी वय ६३. तिघींपैकी दोघी साठी ओलांडलेल्या. सगळ्यांची पाळी गेलेली, अनेकींची तर दहा-पंधरा वर्षांपूर्वी. वाफा आणि जागरण यांवर औषध चालते का, हे पाहण्यासाठी तो अभ्यास नव्हताच. वयस्कर स्त्रियांचा हृदयविकार संप्रेरकांनी टळतो का, हे त्यांना तपासायचे होते. त्याचे उत्तर मिळाले, नाही, टळत नाही. उत्तर बरोबर होते. पण ते ज्या बाईला लागू होते ती बाई मी नव्हते. पंचावन्नाव्या वर्षी पाकीट केरात टाकणारी मावशीसुद्धा पुरती ती नव्हती.

पुढे त्याच अभ्यासाची आकडेवारी वयोगटांनुसार उलगडली गेली आणि चित्र बदलले. पन्नाशीतल्या, नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हृदयाचा धोका त्या प्रमाणात दिसला नाही. गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढण्याऐवजी घटलेला दिसला. २०१७ साली अठरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. या बातम्यांची कात्रणे मात्र कोणी पेटीत ठेवली नाहीत. भीतीची बातमी पहिल्या पानावर येते, तिची दुरुस्ती आतल्या पानावर.

लंबक दुसऱ्या टोकाला

म्हणून नोव्हेंबर २०२५मध्ये वहिनीचा फोन आला तेव्हा मी आनंदित झाले, पण सावधही झाले. बातमी खरी होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टणावरचा हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाबाबतचा चौकटीतला ठळक इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. गर्भाशय असलेल्या बाईने नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा मात्र कायम ठेवला. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करावेत, असेही सांगितले. इथवर ठीक. पण त्या घोषणेच्या भरात हृदयविकार टळतो, स्मृतिभ्रंश टळतो, असेही दावे झाले, आणि अनेक जाणकारांनी त्यांवर आक्षेप घेतला. ते आक्षेप रास्त आहेत. आरंभीच्या वयात धोका कमी आहे, असे म्हणणे वेगळे. औषधाने पुढचे आजार टळतात, असे म्हणणे वेगळे. हाडांची झीज थांबते आणि वाफांवर याहून परिणामकारक औषध नाही, एवढे भक्कम पुराव्याने म्हणता येते. त्यापुढचे सगळे अजून उधारीवर आहे.

हा लंबक आधीही असाच हेलकावला आहे. घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत १९४२ साली आली. १९६६ साली एका अमेरिकन डॉक्टरने पुस्तक लिहून जाहीर केले की रजोनिवृत्ती हा अभावाचा रोग आहे आणि गोळी घेतली तर बाई चिरतरुण राहील. गोळी धडाक्याने खपली. १९७५ साली कळले की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. खप कोसळला. मग प्रोजेस्टेरॉनची जोड देऊन अस्तर सुरक्षित केले गेले. १९९०च्या दशकात हृदयासाठी म्हणून गोळी पुन्हा वर आली, २००२ साली पुन्हा आपटली. ब्रिटनमध्ये २०२१ साली दूरचित्रवाणीवर एक माहितीपट आला, मागणी इतकी वाढली की २०२२मध्ये इस्ट्रोजेनच्या जेलचा तुटवडा पडला आणि सरकारला त्यासाठी खास अधिकारी नेमावा लागला.

प्रत्येक वेळी बाईला कोणीतरी एक शब्द दिला, 'घे' किंवा 'घेऊ नकोस'. तिचे वय किती, तिला त्रास काय, तिच्या घरात कोणते आजार आहेत, हे विचारून मग सांगणारे थोडे.

माझा हिशेब

आता माझ्या टप्प्याबद्दल. इथे आणखी एक अडचण आहे. ज्यांच्यावर मोठे अभ्यास झाले त्या बहुतेक स्त्रियांची पाळी गेलेली होती. माझी चालू होती. आरंभीच्या पेरिमेनोपॉजमध्ये अंडाशय अजून काम करत असतात, मधूनच जोराने करतात. अशा बाईला बाहेरून इस्ट्रोजेन द्यावे का, यावर पुरावा तुलनेने तोकडा आहे. बाईंनी हे न लपवता सांगितले, आणि त्याचमुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पण थांबण्याचीही किंमत असते. अमेरिकेतल्याच 'स्वॅन' नावाच्या दीर्घ अभ्यासाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्यांनी माझ्यापुढे ठेवला. वाफांचा त्रास सरासरीने सात वर्षांहून अधिक टिकतो. आणि ज्यांना तो पाळी चालू असतानाच, आरंभीच्या टप्प्यात सुरू होतो, त्यांना तो सर्वांत जास्त काळ, अकरा वर्षांहूनही अधिक सोसावा लागतो. त्या अभ्यासात गोऱ्या, कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक वंशाच्या, चिनी आणि जपानी स्त्रिया होत्या. आपल्यासारख्या भारतीय नव्हत्या. तरीही 'दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, जाईल' हे वाक्य त्यानंतर मला खोटे वाटू लागले. अकरा वर्षे म्हणजे माझ्या नोकरीची उरलेली जवळजवळ सगळी वर्षे.

मग आम्ही वहीच मांडली. डावीकडे त्रास : जागरण, वाफा, विसर, चिडचिड. उजवीकडे धोके. मला कर्करोग झालेला नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नाही, यकृताचा आजार नाही, पक्षाघात वा हृदयविकार नाही, रक्तस्रावाचे कारण माहीत आहे. यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर 'आहे' असते तर वही बहुधा तिथेच मिटली असती. अशा बायकांसाठी संप्रेरकाविना चालणारी औषधे आणि मानसोपचारातल्या काही पद्धती आहेत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, मॅमोग्राफी, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, सगळे झाले.

पर्यायही एकच नव्हता. काहींना या टप्प्यात कमी मात्रेची गर्भनिरोधक गोळी चालते. रक्तस्राव जास्त असेल तर गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन उपयोगी पडते. ते अस्तरही सांभाळते. माझ्यासाठी ठरले ते असे : इस्ट्रोजेन त्वचेवर चोळायच्या जेलमधून, कारण पोटात घ्यायच्या गोळीने गुठळ्यांचा धोका वाढतो तसा त्वचेवाटे नेहमीच्या मात्रेत वाढताना दिसत नाही; आणि अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, महिन्यातले बारा दिवस, रात्री झोपताना, कारण तिने गुंगी येते. पाळी थांबणार नव्हती, उलट ठरावीक वेळी येणार होती. एक गोष्ट बाईंनी दोनदा बजावली : ही थेरपी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. या वयातही दिवस राहू शकतात. मला तांबी बसवलेली होती म्हणून तो प्रश्न सुटला. अनेक जणी इथेच फसतात.

कर्करोगाचा प्रश्न मात्र मी सोडला नाही. त्यांनी २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला, अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज करणारा हिशेब दाखवला. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे रोज इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर्गातील औषध घेणाऱ्या दर पन्नास जणींमागे, पुढे सत्तरीपर्यंत एक जास्तीचा स्तनाचा कर्करोग. प्रोजेस्टेरॉनवर्गाचे औषध महिन्यातले काहीच दिवस असेल तर सत्तर जणींमागे एक. नुसत्या इस्ट्रोजेनला दोनशे जणींमागे एक. हे आकडे २००२ सालच्या अभ्यासाशी सर्वस्वी जुळत नाहीत, आणि ते पाश्चात्त्य स्त्रियांचे आहेत; आपल्याकडे या रोगाचे मूळ प्रमाण त्यांच्याहून कमी आहे. पण भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच, आणि आपल्याकडे तो उशिरा लक्षात येतो. म्हणून सत्तर जणींमागची ती एक मी असू शकते, हे मान्य करूनच मी सही केली. 'काही होत नाही गं' असे कोणी म्हणाले असते तर मी उठून घरी आले असते.

औषधाच्या दुकानात मजेचा प्रसंग घडला. प्रोजेस्टेरॉनच्या या कॅप्सूल आपल्याकडे मुख्यतः गर्भ टिकावा म्हणून दिल्या जातात. चिठ्ठी पाहून काउंटरवरचा मुलगा अदबीने म्हणाला, "काकू, कितवा महिना? वजन उचलू नका हं." माझ्या मागे रांग होती. मी म्हटले, "महिना नाही रे, पंचेचाळिसावे वर्ष." तो गोंधळला, पण मागे उभ्या असलेल्या एक बाई माझ्या पाठोपाठ बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, ते औषध कशाचे? मलाही फार त्रास होतोय." फुटपाथवर उभ्या उभ्या आम्ही अर्धा तास बोललो. कोणा अनोळखी बाईशी इतके मोकळे मी वर्षानुवर्षांत बोलले नव्हते.

जिला कोणी वहीच दाखवली नाही

हा सगळा हिशेब मला मांडता आला, कारण मला तिसऱ्या डॉक्टरांकडे जाता आले. इथे मला बीड जिल्ह्यातली माझी जुनी शाखा आठवते. दिवाळीनंतर खातेदारांची निम्मी गावे ऊसतोडीला निघून जात. एकदा चौतिशीतली एक बाई पैसे काढायला आली आणि उभ्या उभ्या खाली बसली. पाणी दिल्यावर म्हणाली, "पिशवी काढलीय ना मॅडम, तवापासून अंगाची आग होती, झोप न्हाई." ऑपरेशनसाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीच्या दिवसांत कामाला दांडी मारली तर खाडा कापला जाणार. त्यात कोणीतरी कर्करोगाची भीती घातली. म्हणून पिशवीच काढली.

२०१९ साली हा विषय राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये दिला.

चर्चा झाली ती शस्त्रक्रियांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण शस्त्रक्रियेनंतरच्या बाईचे काय? गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, कसलाही संक्रमणकाळ न देता. अंडाशय ठेवले तरी ती काही वर्षे आधी येऊ शकते. चौतिसाव्या वर्षी इस्ट्रोजेन बंद झालेल्या बाईची हाडे लवकर झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. आणि नेमक्या याच बाईबद्दल वैद्यकशास्त्रात फारसा वाद नाही. चाळिशीच्या आत रजोनिवृत्ती आली आणि उपचाराला आडकाठी ठरेल असा आजार नसेल, तर रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी संप्रेरके द्यावीत, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माझ्यासारखीला 'घेऊ की नको' हा पर्याय होता. तिला बहुधा 'घ्यायला हवे' असे उत्तर होते. पण तिला प्रश्नच कोणी विचारला नाही. त्या दिवशी तिला पैसे आणि पाणी देण्यापलीकडे मलाही काही सुचले नाही, याची आज लाज वाटते.

आपल्याकडची गंमत अशी की गरज जितकी मोठी तितकी माहिती कमी. शहरातल्या बाईला दोन परस्परविरोधी फोन येतात. ऊसतोडीच्या बाईला एकही नाही. अमेरिकेतल्या वेष्टणावर इशारा आहे की नाही, यापेक्षा आपल्या आरोग्य केंद्रातली परिचारिका आणि आशाताई चाळिशीच्या बाईला तिच्या पाळीच्या तारखा विचारते की नाही, हा आपल्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडची बाई आपल्या आरोग्ययंत्रणेला फारशी दिसत नाही. मूल होणे थांबले की तिचे खाते जणू बंद होते.

पेटीत परत

मला जेल सुरू करून चार महिने झाले. चमत्कार झाला नाही. पहिल्या महिन्यात स्तन दुखले, पोट फुगले, एकदा सगळे सोडून द्यावेसे वाटले. तिसऱ्या महिन्यापासून रात्री सलग सहा तास झोप लागते. वाफा क्वचित. नावे अजून विसरते. ते कदाचित वयाचे असेल, कदाचित बारावीच्या निकालाचे. सहा महिन्यांनी बाई पुन्हा वही उघडणार आहेत, पुढे दर वर्षी. बेरीज बदलली तर निर्णय बदलेल.

परवा मावशीकडे गेले. तिचे वय आता ७९. २०१८ साली न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून काठी घेऊन चालते. गोळ्या बंद केल्या म्हणूनच हाड मोडले असे मी म्हणणार नाही. ते कोणीच सांगू शकणार नाही. तिच्या परवानगीने मी कात्रण पुन्हा वाचले. लाल रेघेच्या खाली, अगदी शेवटच्या चार ओळींत लिहिले होते की औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण कमी आढळले. मावशीला ती ओळ आठवत नव्हती. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "हे तेव्हा कोणी मोठ्याने वाचून दाखवलं असतं, तरी मी कदाचित बंदच केल्या असत्या. पण निदान माझं मी ठरवलं असतं."

रविवारचे हे पान घरात सगळ्यांच्या हातून फिरते, म्हणून शेवटची विनंती फक्त बायकांना नाही. घरातली चाळिशीतली बाई अचानक चिडकी झाली असेल, रात्री उठून गॅलरीत उभी राहत असेल, तर तिला 'ताण घेऊ नकोस' म्हणू नका. स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढा आणि तिला म्हणा, चल, डॉक्टरांकडे मीही येतो.